चुलीचे तीन दगड

अवितीच्या चुलीचा तिसरा दगड ओदोंगोने उचलून अंगणात टाकला, तेव्हा त्याची ऊबही गेली नव्हती... आणि दामारी आपल्या दारात उभी राहून ते बघत होती, कारण हे सगळं तिच्यामुळेच घडत होतं.

जिच्या चुलीचे दगड नवऱ्याने बाहेर काढले ती त्या घरची उरत नाही, हे आमच्या सरोवराकाठी शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. येत्या रविवारी ओदोंगोचा बाप्तिस्मा होता, त्याचं नाव योहाना होणार होतं, आणि ख्रिस्ती मंडळीच्या एलिजा गुरुजींनी बजावलं होतं, की प्रभूकडे येताना एकच बायको चालेल, पहिली. पहिली म्हणजे दामारी. नऊ वर्षं प्रार्थना करकरून, रोज संध्याकाळी धर्माची प्रश्नोत्तरं घोकून घेऊन तिनेच नवऱ्याला इथवर आणलं होतं. तिची कूस उजवली नव्हती. अविती तिची सवत, तीन लेकरांची आई.

"मुलं बापाची असतात," एलिजा गुरुजी म्हणाले. "अंगावरचं तान्हं तेवढं घेऊन जा, बाई. त्यागाशिवाय का प्रभू भेटतो?"

"प्रभू भेटायचा यांना, आणि त्याग मी करायचा," अविती म्हणाली. "बरं आहे तुमचं." तान्ह्याला पाठीशी बांधून ती माहेरची वाट चालू लागली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

दामारीच्या अंतःकरणात तेव्हा जो वणवा पेटला तो कुणाला दिसणार होता? सवतीचा काटा निघू दे, अशी याचना याच दामारीने गुडघे टेकून कितीदा केली होती... आता ती फळाला आली होती, आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

तीन दिवस अवितीच्या मधल्या ओकेयोने आंबिलीला तोंड लावलं नाही. आठ वर्षांची अदोयो रडली नाही की बोलली नाही, नुसती आईच्या चुलीच्या रिकाम्या जागी जाऊन बसायची. चौथ्या दिवशी तिने विचारलं, "थोरली आई, बाबांचा देव आमच्या आईवर कशाला रागावलाय?"

दामारीने डोक्याला फडकं बांधलं आणि ती तडक अवितीच्या माहेरी गेली.

अविती भावाच्या अंगणात एका कोपऱ्यात मासळी साफ करत बसली होती. "या थोरलीबाई," ती मान वर न करता म्हणाली. "अजून काही न्यायचं राहिलंय?"

"तुलाच न्यायला आलेय." दामारी तिथेच मातीत बसली. "तू जावीस म्हणून मी प्रार्थना करायचे, अविती. वर्षानुवर्षं."

अवितीचा हात थांबला. "मला माहीत होतं. मीही वाडवडिलांना कोंबडी कबूल केली होती, तू मरावीस म्हणून. ते काही ऐकेनात. तुझा देव मेला भलताच ऐकतो."

दोघी हसल्या, आणि हसता हसता एकमेकींच्या गळ्यात पडून ढसढसा रडल्या... बारा वर्षं एका अंगणात राहून त्यांनी एकमेकींना कधी शिवलंही नव्हतं.

शनिवारी दुपारी दामारी तिला घेऊन परतली आणि तिने अवितीला थेट आपल्या घरात बसवलं. ओदोंगो धावत आला, मागोमाग एलिजा गुरुजी.

"ही यांची बायको नाही ना आता?" दामारी दार अडवून म्हणाली. "मग माझी बहीण म्हणून माझ्या घरात राहील. तुमचा नियम मोडला नाही, गुरुजी."

"दामारी, लोक काय म्हणतील? उद्या योहानाचा..."

"कसला योहाना? प्रभूने स्वतःचं रक्त सांडलं, शेजाऱ्याचं नाही. यांनी काय दिलं? हिची चूल दिली, पोरांची आई दिली. यांचं स्वतःचं काय गेलं, सांगा ना. उलट पहिल्या बाकावर जागा मिळेल, पुढेमागे मंडळीचे कारभारीही होतील. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं आणि त्याला त्याग म्हणायचं... आणि हे मीच यांना शिकवलं, मी करंटी."

ओदोंगोचा चेहरा उतरला. "मग मी काय द्यायचं, दामारी?"

"जे तुम्हाला हवंय ते."

आत ओकेयो आईच्या मांडीवर बसून आंबील पीत होता. ओदोंगो दारातून कितीतरी वेळ बघत राहिला. मग तो अंगणात गेला, वाकला आणि त्याने पहिला दगड उचलला.

"तो आत नेलास तर उद्या बाप्तिस्म्याचं पाणी मिळणार नाही," एलिजा गुरुजी म्हणाले. "कदाचित कधीच नाही."

"माहीत आहे, गुरुजी." त्याचे डोळे भरून आले होते, पण तिन्ही दगड त्याने एकेक करून अवितीच्या घरात नेऊन ठेवले.

रविवारी देवळाबाहेरच्या गवतावर, जिथे बाप्तिस्मा न झालेल्यांनी बसून ऐकायचं असतं, तिथे तो बसला, अंगात त्या दिवसासाठी शिवलेला पांढरा सदरा. शेजारी अविती आणि मुलं. नऊ वर्षांत देवळातलं प्रभुभोजन एकदाही न चुकवलेली दामारी देवळाच्या दारापर्यंत गेली. एलिजा गुरुजींनी तिला वाट करून दिली. ती उंबऱ्यावर थबकली, आणि मागे फिरून गवतावर येऊन बसली.

"तू का बाहेर?" ओदोंगोने विचारलं. "तुला कुणी अडवलंय?"

"माझं द्यायचं राहिलं होतं," दामारी म्हणाली, आणि अवितीच्या पाठीवरचं तान्हं सोडवून तिने आपल्या मांडीवर घेतलं.