मागच्या दाराची कडी

मी थापाड्या आहे, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत, माझ्यासमोर.

रात्र वगैरे नव्हती. टळटळीत दुपार होती.

आमची गल्ली बैठ्या घरांची. एकेक घर पडत गेलं, तिथे तिमजली उभी राहिली. शेवटी पुतण्यानेही आमचं पाडून नवं बांधलं.

धाकटा भाऊ लहानपणापासून आंधळा. जुनं घर त्याच्या हातांना पाठ होतं. नव्या घरात मात्र तो रोज दुपारी काठी टेकत मागच्या दाराकडे निघायचा... आणि भिंतीवर आपटायचा. कपाळाला कायम टेंगूळ.

"बाबा, तिथे आता दार नाही," पुतण्या वैतागायचा.

"तुझ्या घरात नसेल."

"काका, तुम्ही तरी समजवा."

"मी काय समजवू? मला दिसतं, तरी परवा मोरी समजून कपाटात शिरलो."

त्या दुपारी घरात आम्ही दोघेच. मी पेपर वाचत होतो. तो उठला.

टक... टक... गुळगुळीत फरशीवर काठी निघाली.

आता आपटेल, म्हणून मी वाट पाहत होतो.

काठीचा आवाज बदलला... बद... बद... जुन्या घराच्या मातीच्या जमिनीवर वाजायची तसा.

मग कडी निघाल्याचा आवाज.

नव्या घरात एकाही दाराला कडी नाही.

मी पेपर खाली केला.

समोर नुसती भिंत.

बाहेरचं दार आतून बंद होतं. खिडक्यांना गज. पुतण्याने सगळं पालथं घातलं, शेवटी भिंतही फोडली. आत विटा. विटांमागे शेजाऱ्याच्या नव्या इमारतीची भिंत.

तो माझ्या पायाशी बसला. "काका, आज थाप नको. बाबा कुठे गेले?"

मी पाहिलं ते सांगितलं.

तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

भिंत बुजवून झाली, रंगही दिला. माझ्या डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरलाय. कडेकडेने, चाचपडत चालतो.

काल दुपारी असाच चाचपडत होतो. भिंतीच्या आतून अगदी हळू आवाज आला...

"दादा, इकडून ये. इथे ठेच लागत नाही."

आणि हाताला काहीतरी गार लागलं.

कडी होती.

मी हात काढून घेतला. पुतण्याला सांगितलेलं नाही. म्हणेल, म्हाताऱ्याने पुन्हा सुरू केलं.