कडी तुमची, स्प्रिंग माझी

रविवारी सकाळी साडेसात वाजता मूंटाहून कडिनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका जुन्या होल्डन मोटारीचं बॉनेट धावत्या गाडीत उघडलं आणि उलटं होऊन समोरच्या काचेवर आदळलं. काच तडकली, पण फुटली नाही. समोरचं काहीच दिसत नसताना चालवणाऱ्याने खिडकीतून मान बाहेर काढली आणि वेग कमी करत गाडी रस्त्याच्या कडेला, जवाच्या कापलेल्या शेतालगत उभी केली.

मागून पिकअप घेऊन येणाऱ्या टॅम्झिन ट्रेवार्थाने हे सगळं पाहिलं. माणूस घाबरट नाही, हा तिच्या मनातला पहिला विचार. बॉनेटची कडी नवी दिसतेय, हा दुसरा.

दुसऱ्या विचारावर तिचं पोट चालायचं. कडिनात तिचं स्वतःचं गॅरेज होतं आणि त्यात ती जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करायची. पॅडलॉकपासून पिस्टनपर्यंत कुठलीही वस्तू हातात घेतली की ती ठेवायची का बदलायची, हे तिला ठरवता यायचं. एकदा ठरवलं की ती पुन्हा त्याचा विचार करत नसे.

ती खाली उतरली. तो बॉनेटकडे बघत उभा होता. उंच, उन्हाने रापलेला, अंगात बंदरावरच्या कामगारांचा निळा शर्ट. वाकडा झालेला पत्रा तो हाताने चाचपत होता, जसं कुणी पडलेल्या मुलाचं डोकं चाचपावं.

"मूळची कडी कुठे आहे?" तिने विचारलं.

त्याने वळून पाहिलं. "तुम्ही आधी विचारायला हवं होतं... मी ठीक आहे का."

"तुम्ही ठीक आहात, ते दिसतंय. कडी कुठे आहे?"

कडी डिकीत एका डब्यात होती. काळवंडलेली, ग्रीस वाळून गेलेली. ती काढून त्याने इंटरनेटवरून मागवलेली चकचकीत नक्कल बसवली होती, कारण कडिनात मे महिन्यातल्या उत्सवात जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते आणि त्याला गाडी नव्यासारखी हवी होती. टॅम्झिनने जुनी कडी उन्हात धरली, अंगठ्याने दाबली, कानाशी नेऊन पुन्हा दाबली.

"ही आणखी साठ वर्षं चालेल," ती म्हणाली. "फक्त हिची स्प्रिंग थकलीय."

"मग?"

"मग काय... कडी तुमची, स्प्रिंग माझी."

तो हसला. हसताना त्याची डावी भुवई जराशी वर जायची. टॅम्झिनने ही गोष्टही टिपली, आणि ती कशाकरता टिपली याचा हिशोब तिने त्या वेळी केला नाही.

त्याचं नाव डारिओ मिनेर्विनी. पोर्ट पिरीच्या धक्क्यावर तो धान्याची जहाजं भरून घेण्याचं काम करायचा. गाडी त्याच्या वडिलांची, कोराडोची. कोराडो मासेमारीच्या होडीवरून आला की हात धुवायच्या आधी गाडीचा कुठलातरी बोल्ट आवळायचा, असं घरात म्हणत. गेल्या हिवाळ्यात तो वारला. मिरवणुकीत आईला, नुन्झियाला, त्या गाडीत पुढच्या सीटवर बसवायचं, हे डारिओने तेव्हाच ठरवलं होतं. टॅम्झिनच्या गॅरेजात गाडी आली ती या कामासाठी.

मार्च सरत होता. डारिओ सुट्टीच्या दिवशी दोन तास गाडी हाकत कडिनाला यायचा आणि तिच्या हाताखाली काम करायचा. काय ठेवायचं आणि काय बदलायचं, यावर त्यांचे रोज वाद व्हायचे आणि ते दोघांनाही आवडायचे. दाराच्या मुठी ठेवल्या. काच खाली-वर करायचं हँडल ठेवलं, कारण त्याच्या गोळ्यावर एका बाजूला कोराडोच्या अंगठ्याने झीज पाडली होती. ब्रेकच्या नळ्या टॅम्झिनने एका शब्दात फेकून दिल्या.

"ठरवतेस कसं?" एकदा त्याने विचारलं. 'तुम्ही' केव्हा गळून पडलं, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

तिने हातातला पाना खाली ठेवला. "जे मोडायच्या आधी कुरकुरतं, ते मी ठेवते. बिजागरी कुरकुरते, कडी सैल होते, आपल्याला कळतं. जे न सांगता तुटतं, ते बदलते. मग ते कितीही देखणं असो."

"हा नियम गाड्यांपुरताच?"

"सध्या... गाड्यांपुरताच."

त्या संध्याकाळी ते जवळच्याच वॉलरूच्या धक्क्यावर खेकडे धरायला गेले. पाण्यात सोडलेली जाळी ओढताना दोघांचे हात एकाच दोरीवर आले. दोरी ओली होती, वारा गार होता आणि जाळं वर येईपर्यंत कुणीच हात काढला नाही. जाळ्यात एकच निळा खेकडा होता, तोही कायद्यात बसण्याइतका मोठा नव्हता. डारिओने त्याला परत समुद्रात सोडलं आणि खिशातून कागदात गुंडाळलेली, तिच्याच गावच्या बेकरीतली, मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंजीसारखी पेस्टी काढली. सॉस विसरलेला काल्झोने, म्हणजे त्याच्या घरी करतात तो घडी घातलेला पिझ्झा, असं त्याने तिचं वर्णन केलं. टॅम्झिनचे पूर्वज कॉर्नवॉलहून तांब्याच्या खाणींत आले तेव्हापासून तिच्या घरात पेस्टीबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. तिने त्याच्या हातून पेस्टी काढून घेतली आणि सबंध स्वतः खाल्ली. तो बघत राहिला.

एप्रिलच्या मध्यावर तो एक पेटी घेऊन आला. चेहरा असा की आत मांजराचं पिल्लू असावं. टॅम्झिनने झाकण उघडलं. आत फडक्यावर रांगेने बोल्ट मांडलेले होते. गाडीच्या पुढच्या भागातले सगळे जुने बोल्ट, प्रत्येकावर ताज्या जस्ताचा निळसर, लख्ख मुलामा. त्याने ते स्वतः, घरच्या शेडमध्ये केले होते. पोहण्याच्या तलावात टाकतात त्या ॲसिडमध्ये रात्रभर बुडवून गंज काढला होता आणि मग बॅटरी चार्जर लावून मुलामा चढवला होता.

"एकही नवा नाही," तो म्हणाला. "सगळे बाबांच्या हातचे."

काम सुबक होतं. टॅम्झिनने एक मोठा बोल्ट उचलला. पुढच्या चाकांचा सांगाडा बॉडीला धरून ठेवतात, त्यांतला. कठीण पोलादाचा.

"ॲसिडमधून काढल्यावर, मुलाम्यानंतर, हे भट्टीत तापवलेस?"

"भट्टीत? कशाला?"

तिने बोल्ट परत फडक्यावर ठेवला, अगदी हळू. "हे मोठे बोल्ट मी लावणार नाही, डारिओ."

तिने कारण सांगितलं. असं पोलाद ॲसिडमध्ये पडलं की त्यात हायड्रोजन शिरतो. लगेच काही तास तापवलं तर तो निघून जातो, नाहीतर आतच बसतो. बोल्ट वरून लख्ख आणि आतून काचेसारखा. आवळताना काही होत नाही. नंतर, गाडी उभी असताना किंवा धावताना, त्याच्या मनाला येईल तेव्हा डोकं उडतं.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, की जुनं ते ठेव हे तूच मला शिकवलंस. ती म्हणाली, अर्धंच शिकलास. पेटी तिथेच सोडून तो गेला.

पुढच्या सुट्टीला तो आला नाही. फोनही नाही. टॅम्झिन काम करत राहिली. होल्डनची नवी काच बसवली, सीटची शिवण उसवून पुन्हा घातली. आपण बरोबर आहोत याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. तिला झोंबत होतं ते वेगळंच. रागावून आरडाओरडा केला असता तर चाललं असतं. असा गप्प गेलेला माणूस कुठल्या रांगेत ठेवायचा, हे तिचा नियम सांगत होता, आणि पहिल्यांदाच तिला तो नियम नकोसा झाला.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी गॅरेजच्या दारात सावली पडली. डारिओ आत आला तो थेट तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"कुरकुर करायला आलोय," तो म्हणाला. "मला राग आलाय. त्या बोल्टांवर मी जीव ओतला आणि तू एका वाक्यात निकाल लावलास. कौतुकाचा एक शब्दही नाही. इतके दिवस स्वतःशी भांडलो, आता तुझ्याशी भांडायचंय. पण न सांगता तुटणाऱ्यांतला मी नाही. एवढं तुला कळायला हवं."

टॅम्झिनने हातातला कळकट बोळा कोपऱ्यात फेकला. तिला हसू येत होतं आणि ते लपवायची तिला काही गरज वाटली नाही.

"मुलामा फार सुंदर झाला होता," ती म्हणाली. "हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. आणि मी तुझी वाट बघत होते."

"बोल्टांचं काय?"

"मला खोटं ठरव. ये इकडे."

तिने लोखंडाची एक जाड पट्टी कामाच्या टेबलावरच्या शिकंज्यात धरली. तिला चार भोकं होती. पेटीतले चार मोठे बोल्ट तिने त्यांत घातले आणि डारिओच्या हातात जोर मोजणारा पाना दिला. गाडीत जेवढे आवळायचे तेवढेच त्याने आवळले, स्वतःच्या हाताने. चारही बोल्ट घट्ट बसले.

"बघ," तो म्हणाला. "काही झालं नाही."

"उद्या सकाळी ये. आईला घेऊन. शाबूत असले तर पेस्टी हा काल्झोनेच आहे असं मी बेकरीत उभी राहून सांगेन."

"आणि तुटले तर?"

"तर तू मला जेवायला घालशील. सॉससकट."

रविवारी सकाळी नुन्झिया आधी आत शिरली. काळा पोशाख, हातात झाकलेलं भांडं. तिने टॅम्झिनला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि, ही फार बारीक आहे, असं मुलाला सांगितलं. डारिओ शिकंज्याकडे गेला होता. पट्टीत दोन बोल्ट होते. उरलेल्या दोन भोकांच्या वर काही नव्हतं. डोकी खाली फरशीवर पडली होती, एक जवळच आणि एक भिंतीपाशी, टायरांच्या मागे. कुणी हातही लावला नव्हता.

त्याने एक डोकं उचललं. तुटलेली कड राखाडी, दाणेदार होती, फोडलेल्या खडीसाखरेसारखी. त्याने ती बोटाने घासली. मग गाडीच्या पुढच्या डाव्या सीटकडे पाहिलं.

"मम्मा तिथे बसणार होती," तो हळूच म्हणाला.

टॅम्झिनने टायरांच्या मागचं दुसरं डोकं उचलून पट्टीशेजारी ठेवलं.

नुन्झियाने मुलाच्या हातातलं डोकं घेतलं, पाहिलं आणि त्याच्याच खिशात टाकलं. "तुझे बाबा दरवर्षी होडीची साखळी बदलायचे," ती म्हणाली. "चांगली असली तरी. मी विचारायची, कशाला? म्हणायचे, मला घरी यायचंय. नवे लाव, पोरी. आणि आधी जेवा."

नवे बोल्ट आधीच कपाटात आणून ठेवलेले होते. त्या दुपारी ते डारिओनेच आवळले. मग टॅम्झिनने त्याची पेटी पुन्हा उघडली आणि त्यातले लहान बोल्ट एकेक करून बाजूला काढले. मडगार्डचे, बंपरचे, नंबरपाटीचे.

"हे मऊ लोखंडाचे आहेत. यांना ॲसिड बाधत नाही. हे तुझेच लागतील, असेच, लख्ख. मिरवणुकीत लोकांना दिसतात तेही हेच."

तो तिच्याकडे बघत राहिला. "तुला हे तेव्हाच माहीत होतं?"

"सांगणार होते. तू निघून गेलास."

मे महिन्यातली मिरवणूक नीट पार पडली. होल्डन कडिनाच्या रस्त्यावरून गेली तेव्हा नुन्झिया पुढच्या सीटवर होती आणि राणीसारखा हात हलवत होती. मागच्या सीटवर टॅम्झिन होती. बॉनेट बंद होतं.

संध्याकाळी वॉलरूच्या धक्क्यावर डारिओने तिला सांगितलं, की त्याने बदलीचा अर्ज केलाय, पिरीहून वॉलरूला. इथल्या धक्क्यावरही धान्याचीच जहाजं लागतात. मग त्याने तिला लग्नाचं विचारलं. गुडघा टेकला नाही, अंगठी काढली नाही. जाळ्याची दोरी हातात होती.

टॅम्झिनने दोरीचं दुसरं टोक धरलं. पट्टीतला तिसरा बोल्ट मिरवणुकीच्या आठवड्यात तुटला होता. चौथा अजून तसाच होता.

"चौथा तुटला की सांगेन," ती म्हणाली.

"आणि तुटलाच नाही तर?"

"तर काय... रोज येऊन बघावं लागेल तुला."

त्याची डावी भुवई वर गेली. या वेळी ती का टिपली, याचा हिशोब टॅम्झिनकडे होता. तिने त्याच्या शर्टाची कॉलर धरून त्याला जवळ ओढलं, आणि त्या भरात जाळं, दोरीसकट, पाण्यात गेलं.

बदलीचं उत्तर अजून आलेलं नाही. डारिओ रोज येतो, जाऊन-येऊन चार तास गाडी चालवून. आल्यावर आधी शिकंज्याकडे जातो, वाकून बघतो आणि मग तिच्याकडे वळतो. आज सकाळपर्यंत चौथा बोल्ट शाबूत होता.