निघत नाय गो

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी इथेच थांबावं. मला कोणाला पटवायचं नाही. पण हे माझ्याच घरात घडलंय. पनवेलला, गेल्या मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी, ऐन दिवेलागणीला.

माझी मोठी बहीण, प्राचीताई. जासईला एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात होती. पावसाळ्यात एका संध्याकाळी सुटून रस्ता ओलांडताना ट्रेलरने उडवलं तिला.

जागीच गेली.

समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. कुणीतरी ते बाहेर काढलं आणि दिवाळीच्या सुमाराला त्याची रील आली.

'जासईची हडळ.'

ट्रेलर कापून टाकलेला. नुसती ती चालत येते... थांबते... कॅमेऱ्याकडे बघते. मग तिचा चेहरा एकदम जवळ येतो. पांढरे डोळे, फाटलेलं तोंड, गालांवर काळं रक्त. वरून एक किंकाळी.

लाखो लोकांनी पाहिली. आमच्या गल्लीतली पोरं तीच किंकाळी काढून एकमेकांना दचकवायची.

आईने ती स्वतःच्या फोनवर पाहिली. नुसत्या चालण्यावरून ओळखलं तिने.

"माज्या बायचं तोंड असं कुनी केलं रं?" एवढंच बोलली.

त्या गुरुवारी घरात आम्ही दोघंच. ताईचं वर्ष झालं नव्हतं, म्हणून घट मांडला नव्हता. आई खाली बसून वालाच्या शेंगा सोलत होती. रस्त्यावर रिक्षांचा नेहमीचा गोंगाट.

तो थांबला.

पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज येईना...

आणि बाथरूममधला नळ सुरू झाला.

आत कोणीतरी तोंड धूत होतं. पाण्याचे हबके मारायचे... खसाखसा चोळायचं... पुन्हा पाणी...

"आई... आत कोण आहे?"

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

आतून आवाज आला. रडून रडून बसलेला.

"आये... निघत नाय गो."

ताईचाच आवाज.

आई उठली. खोबरेल तेलाची बाटली घेतली, दोरीवरचा टॉवेल ओढला.

"आले बाय. चोळू नको, सालटी निघतील. तेल लावते, मंग निघंल."

आत गेली आणि दार लावून घेतलं.

बराच वेळ आईचं हळू आवाजातलं बोलणं ऐकू येत होतं. लहानपणी आम्हाला न्हाऊ घालताना बोलायची ना, तसं.

मग नळ बंद झाला. रिक्षांचे हॉर्न परत ऐकू आले.

आई एकटीच बाहेर आली. टॉवेल कोरडा. आतली लादीसुद्धा कोरडी ठणठणीत.

"दिसली?"

"पाठमोरी व्हती. वळ म्हनलं, तर वळली नाय." आईने टॉवेल छातीशी धरला. "बोलली, आये, तू भिशील."

आम्ही तक्रारी केल्या. ती रील त्या पेजवरून निघाली. मग दुसऱ्या पेजवर आली, नवीन संगीत लावून. मग तिसऱ्या.

नवी आली की आम्हाला फोन बघावा लागत नाही...

नळ वाजतो.

आई टॉवेल घेऊन दाराशी बसते. दार आता तिला उघडत नाही.

काल तिने विचारलं, "निकेश, तुला तिचं खरं तोंड याद हाय ना रं?"

मी "हो" म्हणालो.

काय सांगणार? मी डोळे मिटले, तरी मला ते पांढरे डोळेच दिसतात.