सिनेटरसाहेबांची कापलेली सही

ही गोष्ट खरी आहे. आधीच सांगते, नंतर फाटे फोडू नका.

माझ्या आजीच्या आजीसोबत घडलेली. तिला आपण लॅव्हिनिया म्हणू.

जागा, व्हर्जिनियातला जेम्स नदीकाठचा आमचा तंबाखूचा मळा. साल १८२९. आणि वेळ रात्रीची नाही बरं का. भुतं रात्रीच येतात हे ज्यांच्याकडे ती कधी आली नाहीत त्यांनी ठरवलंय. हे सुरू झालं रविवारी, भर दुपारी, जेवणाच्या टेबलावर.

पण त्याआधीचं सांगायला हवं.

लॅव्हिनियाचे सासरे, सिनेटर अँब्रोज केटलवेल, मोठे मुत्सद्दी. जन्मभर पत्रं लिहीत बसले. ते गेल्यावर मुलाने, म्हणजे लॅव्हिनियाच्या नवऱ्याने, रूफसने, घरातल्या पत्रांच्या दोन पेट्या केल्या. एक सार्वजनिक, एक खासगी. सार्वजनिक पत्रांचं पुस्तक निघणार होतं, ती फिलाडेल्फियाला छापायला गेली.

खासगी पत्रं घरी राहिली. आणि कात्रीच्या तोंडी लागली.

तेव्हा खूळच होतं तसं. थोर माणूस गेला की लोक त्याची सही मागायचे. कुणी पाद्री, कुणी वकील, कुणाची लग्नाळू मुलगी. घरचे लोक एखादं जुनं पत्र काढायचे, खालची सही कापायचे आणि द्यायचे पाठवून. तो तुकडा वहीत चिकटवून मंडळी चारचौघांत मिरवायची. लॅव्हिनियाच्या कमरेला चांदीच्या साखळीत छोटी कात्री असायची. पत्रात वर काय लिहिलंय ते ती वाचायचीच नाही. थेट खाली बघायची.

एक दिवस नदीपलीकडचे जज्ज टॅलबॉट जेवायला आले. हॅमवर ताव मारून झाला आणि म्हणाले, "वहिनी, जगाला वाटताय. आमचीच झोळी रिकामी का?"

पेटीत सगळ्यात वर जे पत्र होतं ते तिने उचललं.

कच्च...

सही जज्जसाहेबांच्या खिशात.

पुढच्याच आठवड्यात केझाया समोर येऊन उभी राहिली. केझाया घरची गुलाम. म्हाताऱ्याच्या शेवटच्या आजारात उशाशी तीच होती.

"बाईसाहेब, मोठ्या साहेबांनी माझ्यासमोर पत्र लिहिलं होतं. ते गेले की मी मोकळी. खासगी पेटीत सगळ्यात वर ठेवलंय म्हणाले होते."

पेटी उघडली. पत्र होतं. शब्दन् शब्द सासऱ्यांच्या हातचा. माझ्या मृत्यूनंतर केझायाला स्वतंत्र समजावे...

आणि खाली चौकोनी भोक.

वकिलाला बोलावलं. त्याने कागद उजेडात धरला. "सगळं स्वतःच्या हाताने लिहून खाली सही असती, तर कोर्टाने मृत्युपत्र मानलं असतं. साक्षीदारही लागले नसते. सही नाही म्हणजे रद्दी."

"सही जज्जसाहेबांच्या वहीत आहे," केझाया म्हणाली. "नदी ओलांडली की झालं. बाईसाहेब, तुमचा एक शब्द पुरे."

"दिलेली वस्तू परत मागू? आणि सांगू काय, वाचायच्या आधीच कापलं? जिल्हाभर शोभा होईल माझी!"

रूफसचं तर आयतंच फावलं. "तू गप्प राहा गं. चांगली कामाची बाई आपल्या हाताने कशाला घालवायची?"

लॅव्हिनिया गप्प राहिली. मला तिचा राग येतो तो याचसाठी. कापलं ते चुकून, पण गप्प बसली ती समजून उमजून.

थोड्याच दिवसांत दक्षिणेकडचा व्यापारी आला आणि केझायाला विकलं. गाडीत चढताना ती रडली नाही.

"एका नावावर माझा सगळा जन्म टांगला होता, बाईसाहेब. ते तुम्ही कापलंत. आता तुमचं सांभाळा."

मग तो रविवार.

चर्चहून येऊन दोघं जेवायला बसली होती. बाहेर ऊन. घरात माशी उडाली तरी ऐकू येईल इतकी शांतता.

कच्च...

"अहो, ऐकलंत?"

"काय?"

"कात्री..."

"तुझ्याच कमरेला तर आहे!"

कात्री मिटलेली होती. साखळी हलतही नव्हती.

तिने तोंड पुसायला रुमाल उचलला. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने तिचं नाव भरलेलं असायचं.

तिथं... चौकोनी भोक.

"उंदीर," रूफस म्हणाला.

"उंदीर काय पट्टी लावून कुरतडतो?"

तो मक्याची भाकरी चघळत राहिला.

दुसऱ्या दिवशी तिने बहिणीला पत्र लिहिलं. सही करून मोहरेची लाख आणायला वळली.

कच्च...

सहीच्या जागी भोक. मग घरच्या बायबलातलं लग्नाच्या नोंदीचं पान. रूफसचं नाव शाबूत, शेजारी भोक. तिने कात्री नदीत फेकून दिली.

आवाज थांबला नाही.

शेवटी तिची अक्कल ठिकाणावर आली. होडी करून ती नदीपलीकडे गेली, जज्जसाहेबांपुढे हात जोडले. "ती सही मला परत द्या. मी चुकले."

जज्ज चक्रावले. "वहिनी, ती तर तुम्हीच नेलीत की!"

"मी?"

"तुमची केझाया आली होती. मागे त्या रविवारी, ऐन जेवणाच्या वेळी. म्हणाली, बाईंनी अदलाबदल सांगितलीय. ती सही द्या, हे ठेवून घ्या."

त्यांनी वही उघडली.

सहीच्या जागी कापडाचा चौकोनी तुकडा चिकटवलेला होता. निळ्या दोऱ्यात... तिचं नाव.

तिने तो ओरबाडून काढला आणि मुठीत घट्ट धरला. होडीत बसल्यावर मूठ उघडली.

कापड कोरं होतं. सुईची भोकंसुद्धा नव्हती.

घरी रूफस हातात पत्र घेऊन उभा. व्यापाऱ्याचं. केझाया वाटेतच तापाने गेली होती.

त्या रविवारच्या आधीच.

लॅव्हिनिया पेटीकडे धावली. केझायाचं पत्र वरच होतं. खाली सासऱ्यांची सही. जशीच्या तशी. उजेडात धरून बघितलं, कुठे जोड नाही.

तिने पत्र रूफसपुढे धरलं. "ती मोकळी होती हो... आपण मोकळ्या बाईला विकलं."

त्यानंतर आवाज रोज यायचा. घरीदारी सगळे तिला मिसेस केटलवेलच म्हणायचे, नवरासुद्धा चारचौघांत तेच म्हणायचा. त्यामुळे काय कापलं जातंय ते फार दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मरणाच्या दारात तिने रूफसचा हात धरला.

"अहो... माझं नाव काय हो?"

रूफसने तोंड उघडलं. उघडंच राहिलं.

दफनाच्या वेळी पाद्रीबाबांनी नाव विचारलं. सख्खी बहीण समोर उभी होती. तिलाही आठवेना. दगडावर शेवटी एवढंच कोरलं, रूफस केटलवेल यांची पत्नी.

सुरुवातीला म्हटलं ना, तिला आपण लॅव्हिनिया म्हणू? तुम्हाला वाटलं असेल, घराण्याची अब्रू झाकतेय.

तसं नाही. तिचं नाव आमच्यात कुणालाच माहीत नाही.

केझायाचं पत्र माझ्याकडे आहे. तिचं नाव ठसठशीत, सही जागेवर. मी घरात कात्री ठेवत नाही. दोरा दातानेच तोडते.

तरी परवा दुपारी, हे सगळं लिहायला बसले तेव्हा...

मागच्या खोलीतून तोच आवाज आला.

माझं नाव भरलेला रुमाल मी अजून उलगडून बघितलेला नाही.