न सुटलेला जोड

शेड भाड्याने मिळणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. तुम्ही भले गृहस्थ दिसता, सामानही फार नाही म्हणता. पण थंडीच्या दिवसांत तिथे काही ठेवायचं म्हटलं की मी साफ नाही म्हणतो. बसा. चहा होतोय तोवर कारण ऐका, मग खुशाल मला खुळा म्हणा.

मी घड्याळजी. पलीकडच्या घरात माझा मित्र राहायचा, रेल्वेतला निवृत्त गार्ड. जन्मभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसूनही गड्याची हौस फिटली नव्हती. दाराएवढ्या दोन फळ्यांवर त्याने अख्खं स्टेशन उभं केलं होतं. रूळ, सिग्नल, पाण्याची टाकी, पत्र्याचा प्लॅटफॉर्म. प्लॅटफॉर्मवर बोटाच्या पेराएवढी शिशाची माणसं, आणि ती सगळी आमचीच. त्याची मुलगी, जावई, मी माझ्या टकलासकट. कडेला तो स्वतः, हातात कागदाचा लाल झेंडा. "अरे, कधीतरी हिरवा दाखव की," मी चिडवायचो. तो म्हणायचा, "हिरवा दाखवला की गाडी सुटते. मला कोणाला जाऊ द्यायचं नाही."

माणसं तो साध्या पांढऱ्या डिंकाने चिकटवायचा. थंडी पडली की ओल्या बोळ्याने सोडवायची, कापसात गुंडाळायची आणि घरात आणायची, हा त्याचा नेम. "फळ्या राहतील गारठ्यात. माणसाने कशाला राहायचं?" म्हणायचा. मी हसायचो. पुढे नात झाली. एवढीशी होती म्हणून सगळे तिला मुंगीच म्हणत. ती चार वर्षांची झाली तेव्हा तिचंही माणूस तयार झालं, तांबड्या फ्रॉकमधलं. गार्डाचे हात तोवर थरथरायला लागले होते, म्हणून तिला मी चिकटवलं. आणि आमची अक्कल बघा! डिंक सोडून मी दोन नळ्यांतला, मिसळून लावायचा पक्का गोंद लावला. वर छाती फुगवून म्हणालो, "घड्याळजीचा जोड आहे हा. जन्मात सुटायचा नाही."

गार्ड नुसता त्या पोरीच्या पायांकडे बघत राहिला.

त्याच वर्षी तो गेला. मुलीने त्याचं शिशाचं माणूस, झेंड्यासकट, त्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं. ते त्याच्याबरोबरच जळालं. मी तिथे उभा होतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. एवढं लक्षात ठेवा.

घर विकलं गेलं. मुलगी दूरच्या शहरात राहायला निघाली. म्हणाली, "काका, मोठी जागा झाली की नेईन. तोवर बाबांचं स्टेशन तुमच्या शेडमध्ये ठेवाल?" म्हटलं, त्यात विचारायचं काय, बाळ? ती मंडळी गेल्यावर मी एकट्याने सगळं नीट लावलं. खालून ओल नको म्हणून फळ्या विटांवर चढवल्या. इंजिनं, डबे कागदात गुंडाळले, उंदरांसाठी डांबराच्या गोळ्या टाकल्या. वर प्लास्टिक नको, त्याला आतून घाम येतो, म्हणून आमच्या हिची निळ्या फुलांची जुनी चादर घातली. माणसं एकेक करून सोडवली आणि डबीत भरली. मुंगी मात्र सुटेना. ओला बोळा झाला, चिमटा झाला, पातं झालं. जोर केला असता तर पाय तुटले असते. कंटाळलो आणि म्हटलं, राहू दे, शिशाच्या बाहुलीला कसली आलीय थंडी!

पहिल्याच थंडीत मुलीचा फोन आला. मुंगीचे पाय गार पडतात, कशाने गरम होत नाहीत. मी म्हटलं, मोजे घाल, लसूण घालून तेल चोळ. चौथ्या दिवशी पुन्हा फोन. भर दुपार होती, मी जेवून नुकता लवंडलो होतो.

"काका, तिला दवाखान्यात ठेवलंय... गारठा गुडघ्यांच्या वर चढलाय. गरम पाण्याच्या पिशव्या लावल्यात, काही उपयोग नाही. डॉक्टर म्हणतात, तपासण्यांत काही निघत नाही." मग तिचा आवाज अगदी खाली आला. "बडबडतेय, काका. वर निळी फुलं आहेत म्हणते. गाडी कधी येणार म्हणते..."

मी ताडकन उठून बसलो. ती चादर त्यांच्यापैकी कोणी पाहिलेलीही नव्हती.

"फोन ठेवू नकोस," म्हटलं, "आणि तिच्याजवळून हलू नकोस."

स्पिरिटचा दिवा, पितळी सळई आणि चिमटा घेऊन शेडमध्ये गेलो. बाहेर लख्ख ऊन, आत मात्र तळपायातून वर चढणारा गारठा. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, आणि त्याच्या आड दुसरा एक... राखेचा. त्या शेडमध्ये कधी काडीसुद्धा ओढलेली नाही हो. चादर उचलली. रुळांवर दवाचे बारीक थेंब होते. रिकाम्या प्लॅटफॉर्मवर ती एकटी उभी. मला रडूच फुटलं. मी केलं होतं ते, दुसऱ्या कोणी नाही.

पक्का गोंद उष्णतेने मऊ पडतो. पण शिसंही वितळतं, आणि पाय म्हणजे काडीएवढे. सळई दिव्यावर धरली आणि प्लॅटफॉर्मच्या पत्र्याला खालून टेकवली. फोन कानाशी, खांद्याने दाबलेला.

"काका... तळवे कोमट लागतायत."

पुन्हा तापवली, पुन्हा टेकवली.

"काका, ओरडतेय ती! भाजतंय म्हणते... पाय लाल झालेत!"

सळई टाकली, चिमट्यात तिची कंबर धरली आणि हलकेच पिळलं. उभ्या जन्मात एवढा हलका हात लावला नसेल. टक् असा आवाज झाला आणि ती सुटली. दोन्ही पाय शाबूत! पलीकडे मुलगी हसत होती की रडत होती, कोण जाणे. "पाय गरम झाले, काका. पाणी मागतेय." मी मुंगीला सदऱ्याच्या खिशात टाकलं, बटण लावलं आणि घरी आलो.

टेबलापाशी बसून खिशात दोन बोटं घातली. हाताला दोन माणसं लागली.

एक मुंगी. दुसरा गार्ड. काळा पडलेला, जळक्या लाकडासारखा. एका हातात झेंडा, दुसऱ्या हातात तिचा हात. डोळ्याला भिंग लावलं. दोन हातांच्या मध्ये रेघ नाही, गोंद नाही, काही नाही. तो जोड माझा नव्हता. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू? चिमटा घेतला आणि दोघांना जरासं ओढून पाहिलं.

लगेच फोन वाजला. या वेळी मुंगीच होती.

"घड्याळजी आजोबा... हात ओढू नका ना."

"कोणाचा हात, गं?"

"आजोबांचा. मी धरलाय."

मी चिमटा खाली ठेवला.

त्याला चार वर्षं झाली. मुंगी ठणठणीत आहे, शाळेत जाते, फोनवर माझ्या टकलाची चेष्टा करते. ही जोडी त्या डबीत आहे, शेगडीच्या वरच्या फळीवर. हात लावू नका. रोज सकाळी डबी उघडतो, लाल झेंडा बघतो आणि मगच चहा घेतो.

काल भिंग लावलं तर झेंड्याचा काठ हिरवा दिसला. ही म्हणते, ओलीने तांब्या-पितळेला चढतो तसला हिरवा थर असेल, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका. असेलही. पण झेंडा कागदाचा आहे हो. सकाळपासून मुलीला फोन लावतोय, आणि कोणी उचलत नाही.