इंदुमती नावाची सवत

राजेंद्र प्लेसला मेट्रोत एक मुलगा चढला. अंगात मळखाऊ रंगाचा स्वेटर, गळ्याला मफलर आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला स्टीलचा जेवणाचा डबा. हेमांगीच्या शेजारी जागा होती, तिथे तो अलगद टेकला. पुढच्या वळणावर गाडीला हिसका बसला, हेमांगीचं कोपर त्या डब्यावर आपटलं आणि त्याने डबा झटकन छातीशी ओढून घेतला.

"जरा संभलके मॅडम... इसमें पियानो है."

आता ह्यावर माणसाने बोलावं तरी काय? हेमांगी खिडकीकडे तोंड करून पुटपुटली, "डब्यात पियानो म्हणे. उद्या पिशवीतून तबला आणतील."

"तबला नाही विकत मी," शेजारून चक्क मराठीत उत्तर आलं. "पियानोच विकतो. तोही एकच आहे."

दिल्लीत वाढलेल्या मराठी माणसाला एक वाईट खोड असते. बाहेर कुणाला काय कळतंय म्हणून तो मनातलं खुशाल मोठ्याने बोलून टाकतो. ती खोड हेमांगीला आज चांगलीच नडली. आणि खरी पंचाईत तर पुढेच होती, कारण ती स्वतः पाच वाजता द्वारका स्टेशनच्या गेटवर एका अनोळखी माणसाकडून जुना पियानो घ्यायला निघाली होती.

खराखुरा पियानो नव्हे. कुणीतरी एका जुन्या लाकडी पियानोची एकेक पट्टी हळू, जोरात, पेडल दाबून, पेडल सोडून, शेकडो तऱ्हांनी वाजवून रेकॉर्ड केली होती. तो आवाजांचा संच कॉम्प्युटरवर घातला की साध्या कीबोर्डमधूनही तो पियानो बोलू लागतो. हेमांगी लहान मुलांच्या गोष्टींच्या ॲपसाठी घरी बसून पार्श्वसंगीत करायची. हा संच तिला कधीचा हवा होता, पण कंपनीने तो विकणंच बंद केलं होतं. शेवटी संगीतवाल्यांच्या एका ग्रुपवर कुणी एम. राठोड तो विकतोय असं दिसलं.

"तुम्ही... एम. राठोड?"

"मानस. म्हणजे तुम्ही एच. पानसे? मला वाटलं, कुणी रिटायर्ड काका असतील."

"मलाही तेच वाटलं होतं," हेमांगी म्हणाली आणि दोघंही हसले. त्याच्या उजव्या गालाला किंचित खळी पडते हे तिने पाहिलं. पाहिलं तर पाहिलं, डोळे काय कुणाला विचारून बघतात?

स्टेशनबाहेर, शेंगदाणे भाजणाऱ्याच्या गाडीशेजारी त्याने डबा उघडला. आत टॉवेलात गुंडाळलेली हार्ड डिस्क. "डाउनलोड करायला तुमचा अख्खा दिवस गेला असता, म्हणून आणली. लायसन्स कंपनीला सांगून तुमच्या नावावर केलंय, माझ्याकडचं सगळं पुसून टाकलं. आणि एक सांगतो, ही कंपनी नाव एकदाच बदलून देते. आता मी कितीही म्हटलं तरी ती परत माझी होणार नाही."

"ती?"

"इंदुमती." तो जरासा ओशाळला. "मी नाव ठेवलंय. नावाशिवाय हाक कशी मारणार..."

"मग विकताय कशाला एवढ्या लाडकीला?"

"यूपीएससीचा शेवटचा अटेम्प्ट आहे. पुस्तक उघडलं की ही बोलावते. आधीचे सगळे अटेम्प्ट हिच्यापायी पाण्यात गेले. पुसदला आई दर फोनला विचारते, काहून रे, होतंय ना ह्या वेळी? मग एक दिवस ठरवलं, आता ही घरात नको." बोलता बोलता त्याने टॉवेलाची घडी पुन्हा पुन्हा नीट केली. "एक विचारू? कधी रविवारी... ऐकायला आलो तर चालेल? हात लावणार नाही. शपथ घेतलीय. नुसतं ऐकेन."

हेमांगीने मान खाली घालून हसू दाबलं. ऐकायला म्हणे. मुलींना कळत नाही असं ह्या मुलांना का वाटतं कोण जाणे. "बिल्कुल," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी तो आला. सकाळी क्लासची टेस्ट देऊन, बोटांना शाईचे डाग घेऊन, हातात संत्र्यांची पिशवी. हेमांगीने हिरवा कुर्ता घातला होता. मुद्दाम नव्हे... बरं, मुद्दामच. बाल्कनीतून हिवाळ्याचं कोवळं ऊन तिच्या खोलीत थेट कीबोर्डपर्यंत आलं होतं. ती वाजवायला बसली, तो कोपऱ्यातल्या वेताच्या बुटक्या बैठकीवर, मोढ्यावर बसला आणि पहिला सूर लागताच त्याने डोळे मिटले.

मिटले ते मिटलेच. कुर्ता गेला वाया.

वाजवून झाल्यावर त्याने डोळे उघडले, ते ओलसर होते. "मधल्या गंधाराशी ती किंचित उतरते, ऐकलंत? मुरलेला आवाज आहे. आणि पेडल सोडलं की सुस्कारा टाकते."

"अच्छा," हेमांगी म्हणाली. ह्या 'अच्छा'ने आतला स्वयंपाकघरातला गॅससुद्धा विझला असता, पण त्याला काही कळलं नाही.

मग हे दर रविवारचं झालं. आठवड्यात मधेच मेसेज यायचा. 'इंदुमती कशी आहे?' हेमांगी कशी आहे हे विचारायचं ह्या माणसाला सुचतच नसे. एकदा तिला खरंच सर्दी-ताप होता, तेव्हा तिने लिहिलं, 'इंदुमती ठणठणीत आहे, मी आजारी आहे.' त्यावर उत्तर आलं, 'मग दोघींनीही आराम करा.' दोघींनी! हेमांगीने मोबाइल उशीखाली कोंबला.

तिचे वडील भालचंद्र पानसे लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये सगळी नोकरी काढून, निवृत्तीनंतर द्वारकेच्या ह्या सोसायटीत आले होते. त्यांना माणसांना नावं ठेवायची हौस. रविवारी बेल वाजली की ते पेपरामागून ओरडत, "हेमू, इंदुमतीवाले आले गं." ती दार उघडायला धावायची, आणि लगेच तिला रागही यायचा. इंदुमतीवाले. म्हणजे आपण कोण, इंदुमतीची मोलकरीण?

"कुणाशी भांडलीस का गं?" एकदा तिच्या आईने, सुनीतीने विचारलं.

"एका पियानोशी."

"तो काय म्हणतो?"

"तो नाही, ती आहे. म्हणत काहीच नाही, तोच तर त्रास आहे यार."

आईने तिच्याकडे नीट पाहिलं आणि पुढे काही न विचारता मटार सोलायला घेतले. आया फार हुशार असतात.

हद्द झाली ती एका वाघाच्या गोष्टीपायी. रात्री घाबरून आईला शोधणाऱ्या वाघाच्या पिल्लाची गोष्ट होती. हेमांगीने त्यासाठी एक धून केली. चार वेळा खोडली, पुन्हा केली, एकदा स्वतःच रडली, तेव्हा कुठे ती जमली. ॲपवर लोकांनी भरभरून लिहिलं. रविवारी तिने ती मानसला वाजवून दाखवली. त्याने डोळे मिटून ऐकली आणि म्हणाला, "बघा, म्हणून तर तिला चांगल्या घरी द्यायचं होतं. काय बोलली आज इंदुमती..."

हेमांगीच्या अंगाचा तिळपापड झाला. धून कुणाची? जागी कोण राहिली? बोटं कुणाची? तो गेल्यावर ती कीबोर्डसमोर बसली आणि कॉम्प्युटरच्या पडद्याला म्हणाली, "सवत आहेस तू माझी. ना हात ना पाय, ना रूप ना रंग, आणि त्याने डोळे मिटायचे ते तुझ्यासाठी." बोलून झाल्यावर तिचं तिलाच कळलं, की आपल्याला हा मुलगा आवडतो. नुसता आवडत नाही, हवा आहे. आणि तो येतो ते बहुधा दुसऱ्याच कुणासाठी. मे महिन्यात पूर्वपरीक्षा होईल, मग पुढचे पेपर, पास झाला तर ट्रेनिंगला मसुरीला जाईल, नाही झाला तर पुसदला, आणि तिला शेवटपर्यंत कळणार नाही की तिच्या घरी तो कुणासाठी यायचा.

तेव्हा तिने ठरवलं, छडाच लावायचा.

सॉफ्टवेअरसोबत एक पियानो फुकट येतो. पत्र्याच्या खोक्यात चमचे पडावेत तसा त्याचा आवाज. हेमांगीने इंदुमतीला बंद केलं आणि त्या पत्र्याला आणून बसवलं. हिशेब सरळ होता. इंदुमती नाही हे कळताच त्याने तोंड वाकडं केलं, तर तो तिचा. मग संत्र्यांची पिशवी घेऊन जावं त्याने सरळ आपल्या घरी.

रविवारी ती वाजवायला बसली. पहिला सूर लागला. मोढ्यावर मानसच्या भुवया किंचित हलल्या... आणि त्याने डोळे मिटले. नेहमीसारखेच. शेवटपर्यंत ऐकलं, चहा घेतला, "छान" म्हणाला आणि गेला.

कळलंच नाही त्याला. हेमांगी आनंदाने खोलीभर फिरली. संध्याकाळपर्यंत हा आनंद टिकला, मग शंका आली. इंदुमती गंधाराशी किंचित उतरली तरी ज्याला ऐकू येतं, त्याला अख्खा पत्रा ऐकू येत नाही? की तो आता काही ऐकतच नाही, नुसता टेस्टचा शीण घालवायला ऊन खात बसतो? पुढच्या रविवारी तिने पुन्हा पत्रा वाजवला. त्यापुढच्याही. तो येत राहिला, डोळे मिटत राहिला. आणि मग एके दिवशी जायला उठला, मफलर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "आज फार गोड वाजली इंदुमती."

झालं. एवढे दिवस दाबून ठेवलेलं सगळं उसळून वर आलं.

"ती इंदुमती नव्हतीच," हेमांगी म्हणाली. "किती रविवार झाले, नाहीये ती. पत्र्याचं खोकं वाजवतेय मी. आणि तुम्ही त्यालासुद्धा इंदुमती म्हणून गोड म्हणता? मी वाजवते ते कधी ऐकता की नाही तुम्ही?"

मानस मफलर हातात धरून तसाच उभा राहिला. "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"ती नाहीये ते. पहिल्या रविवारीच, पहिल्या सुरालाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

तो मोढ्यावर पुन्हा बसला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "वाटलं, काही बिघडलं असेल. किंवा कंटाळून तुम्ही तिला काढून टाकलं असेल. आणि मी बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असता, इंदुमती नाही, मग आता येता कशाला? त्याचं उत्तर... होतं माझ्याकडे. पण ते द्यायची हिंमत नव्हती. म्हणून म्हटलं, ती आहे असंच चालू दे. पत्रा तर पत्रा."

"खोटारडे."

"हो."

"आणि ते डोळे मिटून बसणं?"

"उघडे ठेवून एकदा बघितलं होतं," तो हळूच म्हणाला. "त्या आठवड्यात अर्थशास्त्राचं एक पान वाचलं गेलं नाही. इंदुमतीला विकलं तेव्हा वाटलं, आता अभ्यासातून उठवणारं कुणी उरलं नाही. मग तुम्ही भेटलात. तुम्हाला कुणाला विकू मी?"

हेमांगीला हसूही येत होतं आणि रडूही. तिने त्याच्या हातातला मफलर ओढून घेतला, उगाचच, हाताला काहीतरी हवं होतं म्हणून. "मला वाटायचं, तू तिच्यासाठी येतोस," ती म्हणाली. ह्यात 'तुम्ही'चा 'तू' कधी झाला ते तिला कळलं नाही, त्याला मात्र कळलं. "माझी धूनसुद्धा तू तिच्या नावावर केलीस. किती जळले मी माहितीये?"

"धून ऐकून माझ्या तोंडून भलतंच काही निघालं असतं, म्हणून तिचं नाव घेतलं. ते पिल्लू आईला सापडतं ना, तिथे तुझा हात थांबतो. तेवढं थांबणं कुठल्या डिस्कमध्ये येत नाही, हेमांगी."

त्याने पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं होतं. हेमांगीने मफलर त्याच्या गळ्यात टाकला आणि तो नीट करायच्या निमित्ताने जरा जास्तच वेळ लावला.

"आता मे महिन्यापर्यंत येऊ नकोस," ती म्हणाली.

"रागावलीस?"

"रागावेन ना. रोज रागावेन, तुझ्या पुस्तकांवरसुद्धा. पण ह्या वेळी परीक्षा घालवलीस तर तुझी आई कारण विचारेल, आणि मला ते कारण व्हायचं नाहीये. पेपर झाला की सरळ इकडे ये."

"पक्कं?"

"पक्कं. पण एक आहे. बाबांना अजून वाटतंय की तू पियानोसाठी येतोस."

दोघं बाहेर आले. भालचंद्ररावांनी पेपर खाली केला. "काय इंदुमतीवाले, झालं का ऐकून?"

तो आता सवयीने 'हो काका' म्हणेल, चपला घालेल आणि लिफ्टने खाली जाईल, असं हेमांगीला वाटलं. मानसने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या बाबांकडे.

"काका, मी इंदुमतीसाठी येत नव्हतो," तो म्हणाला. आवाज थोडा कापला, पण वाक्य पुरं झालं. "हेमांगीसाठी येत होतो. तुम्हाला न सांगता येत राहिलो, ते चुकलं माझं."

पेपर हळूच घडी होऊन टीपॉयवर गेला. भालचंद्ररावांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. बोलली ती सुनीती, स्वयंपाकघराच्या दारातून, हात पिठाने माखलेले. "मला वाटलं, तुम्ही दोघं निकालापर्यंत पियानोच वाजवत बसणार. बस रे. थालीपीठ टाकतेय, खाऊन जा."

"काकू, उशीर होईल, अभ्यास..."

"अभ्यास भरल्या पोटी होतो. बस."

तो निमूट टेबलाशी बसला, भालचंद्ररावांच्या समोर, पाठ ताठ करून. तव्यावरचं पहिलं थालीपीठ, खरपूस, मधोमध लोण्याचा गोळा वितळत असलेलं, आईने आणलं आणि सरळ त्याच्या ताटलीत घातलं.

हेमांगीने आपली रिकामी ताटली पुढे केली. "आई, पहिलं माझं असतं."

"असायचं," आई म्हणाली आणि दुसरं थापायला आत गेली.