शिपाई ह्यू मॅकलिशचं बायबल

पेटीचं कुलूप शाबूत होतं. आतलं बायबल गायब.

"सोमवारी ते होबार्टच्या मोठ्या संग्रहालयात कायमचं जायचंय," टॅल्बट हवालदिल होऊन म्हणाले. गावच्या संग्रहालयाचे ते अध्यक्ष. "आता कुठल्या तोंडानं कळवू?"

खासगी तपासनीस हेस्टर ब्राउनलो काचेच्या पेटीत डोकावली. ह्यू पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये मारला गेला; घरचं बायबल तेवढं सामानातून टास्मानियात परतलं. त्याचा फोटो, पदकं जागच्या जागी होती.

"चोर घाईत असणार," तिचा मेव्हणा वॉल्टर म्हणाला.

"आणि घाईत कुलूप परत लावत बसला?"

वॉल्टरनं कुलूप ओढून पाहिलं.

"किल्ली माझ्या गळ्यातच असते," पेटी सांभाळणारी डोरीन खाली मान घालून म्हणाली.

जुन्या वस्तू जमवणारा फिच उसळला. "मी पदकं सोडली असती होय? खुळा वाटलो का?"

ह्यूची बहीण एफी सत्तरीची, जन्मांध. आपल्या स्वयंपाकघरात कपात बोट धरून ती हेस्टर आणि वॉल्टरसाठी अंदाजानं चहा ओतत होती. "मी लहान असतानाच आईनं ते देऊन टाकलं. तेव्हापासून काचेआड. गेलं तर गेलं. गेल्या वर्षी त्याला नवं चामडं चढवलंय, गार लागतं मेलं. ह्यूच्या हाताची ऊबच गेली."

हेस्टरनं कप खाली ठेवला. टॅल्बट आणि डोरीनला तिथंच बोलावून घेतलं.

"फिचनं पदकं सोडली नसती. घरच्या माणसानं आधी फोटो उचलला असता. पण ज्याला दिसतं त्यानंच; न दिसणाऱ्याला फोटो काय कामाचा? कुलूप किल्लीनंच उघडलं. आणि एफीबाई, चामडं गार लागतं हे काचेबाहेरून कसं कळलं?"

"मीच दिलं!" डोरीन रडू लागली. "दोन दिवस हाताशी असू दे म्हटलं. काढा मला कामावरून!"

"तिला बोलू नका. हट्ट माझा." एफीनं पावाच्या डब्यातून बायबल काढलं.

"पण तुम्हाला वाचता..." वॉल्टर चाचरला.

"ह्यू वाचून दाखवायचा. लढाईवर जायच्या आदल्या संध्याकाळी योनाची गोष्ट चालली होती; योनाला माशानं गिळलं, तेवढ्यात आईनं जेवायला हाक मारली. 'उरलेलं लढाईवरून परत आल्यावर,' म्हणाला. चर्चमध्ये योना निघाला की मी उठून बाहेर जाते. चार पाद्री झाले, अजून उठते."

टॅल्बटनी टोपी काढली. "सोमवारचं सोमवारी बघू. वॉल्टर, वाचता का?"

"चालेल ना?" वॉल्टरनं विचारलं.

एफी बराच वेळ पानावर हात ठेवून बसली. मग हात उचलला. "सावकाश वाच हं. तो सावकाश वाचायचा."

वॉल्टर वाचत गेला. माशानं योनाला कोरड्या भूमीवर ओकून टाकलं.

"लागला बाई किनाऱ्याला," एफी म्हणाली, आणि दाराकडे कान देऊन बसली.